खोट्या विमानाचा खरेपणा

गेल्या महिन्यातली गोष्ट. आम्ही घरच्या संगणकावर एक छोटे विमान उडवायला बसलो होतो. चार माणसांचे, एका इंजिनाचे ‘पायपर कोमांचे’. इंजिन सुरू झाले, तेलाच्या दाबाचा काटा वर आला, आणि तेवढ्यात चहा आला. थ्रॉटल पूर्ण मागे घेऊन, इंजिन हळू फिरत ठेवून आम्ही उठलो. वीस मिनिटांनी परत येऊन उड्डाणापूर्वीची तपासणी सुरू केली. विमानाच्या अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. फेरे वाढवून एकेक मॅग्नेटो क्षणभर बंद करायचा, म्हणजे दुसरा एकट्याने काम करतो की नाही ते कळते. आम्ही एक बंद केला मात्र, इंजिन धडधडू लागले आणि फेरे झपाट्याने उतरले. प्लग काजळले होते!

कारण सरळ होते. इंजिन जमिनीवर मंद फिरत असताना त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आणि सिलिंडर पुरेसे तापत नाहीत. अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी आणि पेट्रोलमधले शिसे प्लगच्या टोकावर साचते. खऱ्या विमानात हे घडते, हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते. पण आमच्या संगणकात ना पेट्रोल होते, ना प्लग. मग नसलेल्या प्लगवरच्या नसलेल्या काजळीचा हिशेब कोणी ठेवला, आणि कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते. विमानाची नक्कल करण्याचा इतिहास जवळजवळ विमानाइतकाच जुना आहे. नक्कल करताना काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे. रोज वर्गात प्रतिकृती आणि आकृत्या वापरणाऱ्या शिक्षकांना तो परका वाटू नये.

ऑर्गनच्या कारखान्यातले विमान

राइट बंधूंनी १९०३ साली उड्डाण केले. त्यानंतर सहा-सात वर्षांतच फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ विमानाच्या शिकाऊ वैमानिकांसाठी एक मजेदार साधन तयार झाले. पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवलेले, वरच्या भागात खुर्ची, आणि खुर्चीशेजारी विमानातल्यासारखी नियंत्रणाची चाके. मदतनीस हातांनी पिंप डोलवत आणि शिकाऊ माणूस चाके फिरवून समोरची आडवी पट्टी क्षितिजाशी जुळवण्याचा प्रयत्न करी. या यंत्रात इंजिन नव्हते, पंखही नव्हते. तोल गेला की तो कसा सावरायचा, एवढी एकच गोष्ट विमानातून उचलून पिंपात आणली होती.

या कल्पनेला खरे यंत्ररूप दिले ते एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने. त्याचा जन्म १९०४ सालचा. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. उडायला शिकण्याची एडविनला हौस होती, पण शिकवणी फार महाग होती. शिवाय विमानातल्या तासाचा बराच भाग नुसते वर जाण्यात आणि खाली येण्यात जाई. यातले काही जमिनीवरच शिकवता आले तर?

त्या काळी आपोआप वाजणारे पियानो लोकप्रिय होते. त्यांत छिद्रे पाडलेला कागद सरकत जाई. छिद्रातून हवा ओढली गेली की तिथला छोटा भाता मिटे आणि एक पट्टी दाबली जाई. आपल्या पेटीत भात्यातली हवा सूर उमटवते, इथे भाता बोटाचे काम करी. भाते, झडपा आणि हवा ओढणारा पंप ही लिंकच्या घरचीच सामग्री होती. लाकडाचे आखूड पंख आणि शेपूट असलेले एक विमान त्याने भात्यांवर बसवले. आतला दांडा उजवीकडे झुकवला की झडप उघडे, एका बाजूच्या भात्यातली हवा ओढली जाई आणि विमान उजवीकडे कले. हे यंत्र १९२९ साली तयार झाले. पेटंटच्या अर्जात त्याने ते दोन कामांसाठी असल्याचे लिहिले होते: शिकाऊ वैमानिकांना शिकवणे आणि करमणूक. सुरुवातीला दुसरे कामच चालले. करमणुकीच्या बागांमध्ये नाणे टाकून लोक त्यात बसू लागले. वैमानिकांच्या जगाने मात्र ते खेळणे म्हणून बाजूला ठेवले.

धुके आणि कान

त्या काळचे वैमानिक मुख्यतः डोळ्यांनी उडत. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, ते ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून, रेडिओशिवाय, दिवसाउजेडी. जमीन आणि क्षितिज दिसत असेपर्यंत असे उडता येते. ढगात शिरले की काय होते?

याचे उत्तर वर्गात मिळवता येईल. फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवा. दोघांना जवळ उभे करा, म्हणजे तो पडणार नाही. खुर्ची सावकाश आणि एकाच वेगाने फिरवत ठेवा आणि ‘कुठल्या दिशेला फिरतो आहेस’ हे त्याला बोटाने दाखवायला सांगा. सुरुवातीला तो बरोबर दाखवील. काही वेळाने खुर्ची फिरत असूनही त्याला ती थांबल्यासारखी वाटेल. आता ती हळूच थांबवा. तो ठामपणे सांगेल की आपण उलट दिशेला फिरू लागलो आहोत! आपल्या अंतःकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरू लागले की आतला द्रव मागे रेंगाळतो आणि त्या फरकावरून मेंदूला फिरण्याची जाणीव होते. पण फिरणे एकसारखे चालू राहिले की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो, आणि जाणीव संपते. नलिकांना वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो.

ढगातल्या वैमानिकाचे नेमके हेच होते. विमान इतके हळू कलते की कानाला पत्ता लागत नाही. वळताना आसनाचा दाबही शरीराला ‘खाली’च्याच दिशेने जाणवतो. पाण्याची बादली गोल फिरवली तरी पाणी बादलीच्या तळाशीच राहते, तसेच हे. वैमानिकाला वाटते आपण सरळ चाललो आहोत. उंची कमी होताना दिसते म्हणून तो दांडा मागे ओढतो. पण विमान कललेले असल्यामुळे ते वर न जाता आणखी घट्ट वळते, आणि गिरक्या घेत जमिनीकडे जाते. त्याचे शरीर त्याला शेवटपर्यंत खोटेच सांगत असते.

यावर उपाय निघाला होता. लिंकचे यंत्र तयार झाले त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, जिमी डूलिटल या वैमानिकाने झाकलेल्या कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता, विमान उडवून पुन्हा उतरवून दाखवले. घूर्णदर्शीवर, म्हणजे जायरोस्कोपवर, चालणारे कृत्रिम क्षितिज, तसेच दिशादर्शक आणि अचूक उंचीमापक त्याच्यापुढे होते. प्रयोग यशस्वी झाला. पण काट्यांवर विश्वास ठेवून शरीराला खोटे ठरवण्याची सवय हजारो वैमानिकांना लावायची कशी? ती विमानात लावायची म्हणजे जिवाशी खेळ.

त्याची किंमत १९३४ साली मोजावी लागली. अमेरिकन सरकारने हवाई टपालाचे खासगी कंत्राट रद्द केले आणि फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत ते काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. हे लोक दिवसा आणि स्वच्छ हवेत उडण्यात तरबेज होते. यंत्रांवर उडण्याचा सराव त्यांना जेमतेमच होता. धुके, बर्फ आणि रात्र यांत अपघातांमागून अपघात झाले आणि काही आठवड्यांत डझनभर माणसे दगावली. तेव्हा लष्कराला लिंकच्या ‘खेळण्या’ची आठवण झाली. लिंकला नेवार्कच्या विमानतळावर भेटीला बोलावले होते. त्या दिवशी हवा इतकी वाईट होती, की तो येणार नाही असे समजून अधिकारी निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून त्याचे विमान उतरले. यंत्रे वाचत तो आला होता. त्याच वर्षी जूनमध्ये लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे घेतली.

पुढे या निळ्या पेटीवर झाकण आले, आत काटे आले. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा आणि त्यावर तीन चाकांचा एक छोटा ‘खेकडा’ आला. विद्यार्थी आत बसून जसा उडे, तशी हा खेकडा शाईची रेघ ओढत जाई. विद्यार्थी बाहेर आला की त्याची चूक त्याच्यापुढे कागदावर उमटलेली असे. दुसऱ्या महायुद्धात अशा सुमारे १०,००० पेट्या बनल्या आणि पाच लाखांवर वैमानिक त्यांत शिकले.

१७८ सेकंद आणि पाच तास

या शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, हे मोजण्याचे मोठे काम अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात झाले. १९५४ साली तिथे २० जणांवर एक प्रयोग झाला. हे सारे यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेले वैमानिक होते. त्यांना विमानात, शेजारी शिक्षक बसवून, बाहेरचे काहीच दिसणार नाही अशा स्थितीत उडायला लावले. ताबा सुटेपर्यंत प्रत्येकाला किती वेळ लागतो ते मोजले. सरासरी आली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नव्हेत. वीसपैकी १९ जण गिरकीत सापडले आणि एकाचे विमान नाक वर करून उचल हरवून बसले. थोड्या तासांच्या शिक्षणानंतर त्यांतल्या बहुतेकांना ढगातून माघारी वळून बाहेर पडणे जमू लागले.

याच विद्यापीठातला १९७३ सालचा दुसरा अभ्यास शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. विमान शिकणाऱ्यांचे चार गट केले. एका गटाने सिम्युलेटर वापरलाच नाही. बाकीच्यांनी अनुक्रमे ३, ७ आणि ११ तास वापरला. मग प्रत्येक गटाला ‘पायपर चेरोकी’ या विमानात परीक्षेपर्यंत पोचायला किती तास लागले, ते पाहिले. पहिल्या तीन तासांमुळे विमानातले सुमारे पाच तास वाचले. पुढच्या चार तासांनी दोन तासही वाचले नाहीत, आणि त्यापुढच्या चारांनी एकही पुरा नाही. नकलेतून शिकण्यासारखे जे असते ते लवकर शिकून होते. त्यानंतर नकलेत रमणे म्हणजे फक्त नक्कल चांगली यायला लागणे.

भात्यांकडून संगणकाकडे

भात्यांचे जग फार काळ टिकणारे नव्हते. अमेरिकेच्या नौदलाने १९४४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला एक काम दिले: कोणत्याही विमानाचे गुणधर्म भरले की त्याप्रमाणे वागेल असा एकच सर्वसाधारण सिम्युलेटर तयार करा. जे फॉरेस्टर आणि त्याचे सहकारी कामाला लागले. वैमानिकाने दांडा हलवला की त्याच क्षणी उत्तर यायला हवे. उद्या आलेले उत्तर कितीही अचूक असले तरी आज पडलेल्या विमानाला निरुपयोगी. एवढ्या वेगाने गणित करणारे यंत्र तेव्हा नव्हतेच, म्हणून त्यांनी ते बनवायला घेतले. ‘व्हर्लविंड’ हा संगणक १९५१ साली चालू झाला. गंमत अशी, की तोवर विमानाचा कक्ष योजनेतून कधीच गळला होता. घडत्या घटनेबरोबर चालणारा संगणक जगाला मिळाला, पण ज्यासाठी तो हवा होता ते खोटे विमान बनलेच नाही.

ते विमान घरात यायला आणखी तीस वर्षे लागली. आणि पुन्हा इलिनॉय! तिथे शिकणाऱ्या ब्रूस आर्टविकने १९७५ साली प्रबंध लिहिला तो संगणकाने उड्डाणाचे हलते चित्र कसे काढावे यावर. त्याच्या कंपनीचा पहिला ‘फ्लाइट सिम्युलेटर’ १९८० साली ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी आला. पडद्यावर चार रेघांची जमीन, रेघांचेच डोंगर, आणि खाली काही काटे. चित्र अडखळत सरके. नोव्हेंबर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएमच्या संगणकासाठी त्याची आवृत्ती काढली. ती शिकागोच्या तळ्याकाठच्या मेग्ज विमानतळावर सुरू होई. जगभरातल्या असंख्य लोकांनी आपले पहिले खोटे उड्डाण याच धावपट्टीवरून केले. २००३ सालच्या मार्चअखेर एका रात्रीत तिथे बुलडोझर फिरले आणि खरा विमानतळ नाहीसा झाला. सिम्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांत तो अजून शाबूत आहे.

पुढच्या चाळीस वर्षांत चित्र पार बदलले. २०२० सालच्या आवृत्तीत उपग्रहाने टिपलेली सारी पृथ्वीच पडद्यावर आली. पण चित्र सुधारले म्हणून विमान सुधारतेच असे नाही. संगणक सेकंदाला अनेकदा वेग, हवेची घनता आणि पंखाचा हवेशी असलेला कोन घेतो. त्यावरून पंखाला मिळणारी उचल काढतो, आणि विमानाला पुढच्या क्षणी पुढच्या जागी ठेवतो. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट, हे गणित प्रत्येक सिम्युलेटर करतो. पण पुष्कळ खोट्या विमानांचे इंजिन मात्र एखाद्या विजेच्या दिव्यासारखे होते. कळ दाबली की सुरू, कसेही वागवले तरी ठणठणीत.

काजळी कशासाठी?

इथे हौशी आणि जाणकार लोकांनी बनवलेल्या ॲड-ऑन विमानांचा, म्हणजे मूळ सिम्युलेटरला वेगळी जोडायच्या विमानांचा, प्रवेश होतो. आमचे कोमांचे त्यांतलेच. ते ‘ए-टू-ए सिम्युलेशन्स’ या संस्थेने २०२३ साली या सिम्युलेटरसाठी आणले. कोमांचेच्या कारखान्यात १९७२ साली ‘ॲग्नेस’ वादळाचा पूर आला आणि ते विमान बनणे कायमचे थांबले. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी बंद पडलेल्या विमानाची ही नक्कल. तिच्यात तेलाची पातळी पाहावी लागते, टाकीच्या तळाशी पाणी साचले नाही ना ते पाहायला थोडे पेट्रोल काढून बघावे लागते. इंजिन झिजते, तेल खाते, आणि आजचा निष्काळजीपणा उद्याच्या उड्डाणापर्यंत लक्षात ठेवते.

यातला शिकवण्याजोगा भाग कार्ब्युरेटरच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे हवा वीसेक अंशांनी, कधी त्याहूनही अधिक, थंड होते. त्यामुळे बाहेर सुखद हवा असतानाही, ती दमट असली तर, आत बर्फ धरते. इंजिनाची ताकद गुपचूप कमी होत जाते. उपाय म्हणजे गरम हवेची कळ ओढणे. पण ती ओढल्यावर वितळलेले पाणी इंजिनात शिरते आणि इंजिन आधीपेक्षाही जास्त खोकते. घाबरलेला नवशिका नेमका तेव्हा कळ परत ढकलतो आणि इंजिन गमावतो. ‘बरे होण्याआधी थोडे बिघडेल, हात काढू नकोस’ हे पुस्तकात एका ओळीचे वाक्य आहे. खोट्या विमानात एकदा इंजिन बंद पाडून शेतात उतरले, की ते वाक्य हातात उतरते. यासाठीच कोणीतरी काजळीचाही हिशेब ठेवला होता.

जे येत नाही ते

घरच्या सिम्युलेटरची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. आमची खुर्ची जागची हलत नाही. त्यामुळे ढगात शिरल्यावर काटे वाचत सरळ जाणे आम्हाला फार सोपे वाटते. कारण आमचे कान आम्हाला खोटे सांगतच नाहीत! १९३४ च्या वैमानिकांना ज्या शत्रूने मारले, तो शत्रूच या नकलेतून वगळला गेला आहे. पडद्यावर शंभरदा ढग पार केलेल्या माणसाने ‘मला ढगात उडता येते’ असे म्हणू नये. त्याला काटे वाचता येतात, एवढेच म्हणावे. शरीराशी भांडण त्याला अजून व्हायचे आहे. भीतीही त्याला माहीत नाही, कारण खेळ पुन्हा सुरू करता येतो.

म्हणून कोणत्याही प्रतिकृतीपुढे, मग ती प्लास्टरचे हृदय असो की प्रकाशकिरणांची आकृती, दोन प्रश्न विचारावेत असे आम्हाला वाटते. पहिला: हिच्याशी वागताना विद्यार्थ्याला चूक करता येते का, आणि केली तर ती खरे उत्तर देते का? दुसरा: हिच्यातून काय वगळले आहे, आणि ते विद्यार्थ्याला कोणी सांगितले आहे का? पिंपाच्या साधनात पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ होते, जरी ते विमानासारखे मुळीच दिसत नव्हते. आणि उपग्रहाच्या चित्रांनी सजलेल्या सिम्युलेटरलाही दुसरा प्रश्न चुकत नाही.

राहता राहिले आमचे प्लग. पुस्तकात उपाय होताच: फेरे वाढवायचे, मिश्रणातले पेट्रोल कमी करून इंजिन थोडे तापू द्यायचे, म्हणजे साचलेले जळून जाते. तसे केले. मिनिटभर धडधड झाली, मग आवाज सुरळीत झाला. पुन्हा एकेक मॅग्नेटो बंद करून पाहिला, फेरे थोडेसेच उतरले. आता आम्ही आधी चहा घेतो आणि मग इंजिन सुरू करतो.